समोरचा वारा निम्मा, पाठचा दीडपट

17 डिसेंबर 1903 रोजी सकाळी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, किटी हॉक गावाजवळच्या वाळूत, ऑर्व्हिल राइट यांनी इंजिनाच्या विमानातून पहिले यशस्वी उड्डाण केले. 12 सेकंद आणि 120 फूट हे त्या उड्डाणाचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. ऑर्व्हिल यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीत मात्र आणखी एक आकडा येतो, 540 फुटांचा. हवा स्थिर असती तर तेवढ्याच उड्डाणात विमानाने इतके अंतर कापले असते, असा त्यांचा हिशेब होता. समोरून सेकंदाला 35 फुटांहून अधिक वेगाने वारा येत होता आणि विमान जमिनीवरून पाहणाऱ्याला सेकंदाला जेमतेम 10 फूट पुढे सरकताना दिसत होते. पण पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग या दोन्हींची बेरीज होता, म्हणजे सेकंदाला 45 फुटांहून जास्त.

उड्डाणाच्या गणितात वारा कसा धरायचा, या प्रश्नाचा इतिहास या बेरजेपासून सुरू होतो. विमानाच्या पंखाला जमीन कळत नाही, त्याला फक्त हवा कळते. पंखावरून पुरेशा वेगाने हवा वाहू लागली की तो वजन उचलतो. तो वेग इंजिनाने मिळवून दिला की वाऱ्याने, याच्याशी पंखाला देणेघेणे नसते. विमान जमिनीवरून किती धावणार हे मात्र नेमके त्यावरच ठरते. समोरून वारा असेल तर तेवढा वेग आयता मिळतो आणि धाव आखूड होते. पाठीमागून वारा असेल तर आधी त्या वाऱ्याला गाठायचे, मगच उचल मिळवायची, म्हणून धाव लांबते. पुढच्या ऐंशी वर्षांत या साध्या तत्त्वाने माणसाला बरेच काही मिळवून दिले आणि बरेच काही हिरावूनही घेतले. त्यातून जो धडा मिळाला, तो आज दोन अपूर्णांकांत साठवलेला आहे.

राइट बंधूंना वाऱ्याचे मोल आधीपासून ठाऊक होते. देशात सतत वारा कुठे वाहतो, याची चौकशी विल्बर यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याकडे केली होती. खात्याने पाठवलेल्या नोंदींत किटी हॉकचे नाव होते. ओहायोतल्या डेटन या आपल्या गावापासून शेकडो मैल दूर, धड मुक्कामाचीही सोय नसलेल्या त्या वाळवंटी किनाऱ्यावर दोघे भाऊ 1900 पासून जात राहिले ते वारा आणि मऊ वाळू यांच्यासाठीच. 1903 च्या त्या सकाळी डबक्यांतले पाणी गोठले होते आणि वारा ताशी 20 ते 27 मैलांचा होता. इतका वारा धोक्याचा आहे हे त्यांना कळत होते. तो उतरेल म्हणून ते काही वेळ थांबले, उतरला नाही तेव्हा बाहेर पडले. 12 अश्वशक्तीच्या इंजिनाचे ते यंत्र 60 फुटांच्या लाकडी रुळावरून सुटले आणि सुमारे 40 फुटांतच उचलले गेले. जमिनीवर त्याचा वेग इतका कमी होता की विल्बर पंख धरून शेजारून धावू शकले.

त्याच दिवशी वाऱ्याने आपली दुसरी बाजूही दाखवली. चौथे उड्डाण 59 सेकंदांचे आणि 852 फुटांचे झाले. त्यानंतर विमान जमिनीवर उभे असताना एका झोताने ते उलथवून टाकले. ते 1903 चे यंत्र पुन्हा कधीच उडाले नाही.

पुढच्या वर्षी दोघे घराजवळ, डेटनबाहेरच्या हफमन प्रेअरी या गायरानात प्रयोग करू लागले. तिथे जागा होती, प्रवासाचा त्रास नव्हता, पण किटी हॉकचा वारा नव्हता. मे 1904 मध्ये वार्ताहरांना बोलावून उड्डाण दाखवायचे ठरले. ऐन वेळी वारा जवळजवळ पडला, इंजिनही नीट चालेना, आणि रूळ संपला तरी विमान उचलले नाही. रूळ लांबवून पाहिला, तोही पुरेना. शेवटी सप्टेंबरमध्ये त्यांनी एक उंच मनोरा उभारला. त्यावरून जड वजन खाली सोडायचे, वजनाला बांधलेला दोर विमानाला पुढे खेचायचा. वारा जो वेग फुकट देत होता, तो आता पडणाऱ्या वजनाकडून घ्यायचा, अशी ही योजना होती. ती यशस्वी झाली आणि त्याच महिन्यात विल्बर यांनी हवेत पूर्ण वर्तुळ काढले. वारा नसेल तर त्याची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी रूपात मोजावी लागते, हे राइट बंधूंनी त्या गायरानात शोधून काढले.

जमिनीवर रूळ लांबवता येतो, जहाजावर येत नाही. म्हणून या हिशेबाची खरी कसोटी समुद्रावर लागली. 14 नोव्हेंबर 1910 रोजी युजीन इली यांनी व्हर्जिनियाच्या हॅम्प्टन रोड्स बंदरात ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरवर बांधलेल्या 83 फुटांच्या फळ्यांवरून उड्डाण केले. जहाज वेग घेण्यापूर्वीच त्यांनी विमान सोडले. फळ्या संपताच विमान खाली गेले, चाके आणि पंखा पाण्याला लागले, आणि ते कसेबसे वर आले. मे 1912 मध्ये ब्रिटिश नौदलाचे चार्ल्स सॅमसन चालत्या जहाजावरून, ‘हायबर्निया’वरून, उडाले. जहाज स्वतः वाऱ्याच्या दिशेने धावू लागले तर डेकवर वारा तयार होतो, हे आता प्रत्यक्षात उतरले. ऑगस्ट 1917 मध्ये एडविन डनिंग यांनी ‘फ्यूरियस’ या धावत्या जहाजावर विमान उतरवले. जहाजाचा वेग 26 नॉट, समोरचा वारा 21 नॉट, म्हणजे डेकवर 47 नॉटचा वारा. त्यांचे छोटे सॉपविथ पप विमान जहाजाच्या मानाने इतके संथ आले की डेकवरच्या सहकाऱ्यांनी ते हातांनी धरून खाली ओढले. पाच दिवसांनी, पुन्हा तसाच प्रयत्न करताना, डनिंग समुद्रात पडून मृत्युमुखी पडले. पण जहाजाचा वेग अधिक वाऱ्याचा वेग ही बेरीज तेव्हापासून प्रत्येक विमानवाहू नौकेचा पाया झाली. विमाने सोडायची वेळ आली की नौका वाऱ्याकडे तोंड करते.

या बेरजेचा सर्वांत धाडसी वापर 18 एप्रिल 1942 रोजी झाला. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला चार महिने झाले होते आणि अमेरिकेला जपानवर प्रतिहल्ला करायचा होता. नौदलाच्या विमानांचा पल्ला अपुरा होता. म्हणून बी-25 ही लष्कराची दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने ‘हॉर्नेट’ नौकेवरून सोडायची ठरली. डेकवरून उडण्यासाठी ती बनलेली नव्हती. फ्लोरिडातील एग्लिन तळावर नौदलाच्या हेन्री मिलर या अधिकाऱ्याने वैमानिकांना कमीत कमी अंतरात विमान उचलण्याचे शिक्षण दिले. फेब्रुवारीत दोन रिकामी विमाने ‘हॉर्नेट’वरून उडवून पाहिली गेली. पूर्ण भार घेऊन डेकवरून उडण्याची पहिली वेळ मात्र प्रत्यक्ष मोहिमेचीच होती.

त्या सकाळी ठरल्यापेक्षा बरेच आधी एका जपानी टेहळणी नौकेने ताफा पाहिला. जपान अजून सुमारे 650 सागरी मैल दूर होते, तरीही उड्डाणाचा हुकूम सुटला. समुद्र खवळलेला होता आणि सोसाट्याचा वारा होता. कॅप्टन मार्क मिचर यांनी नौका वाऱ्यासमोर घालून वेग वाढवला. डेकवर डाव्या आणि पुढच्या चाकासाठी पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, कारण उजवा पंख नौकेच्या मनोऱ्यापासून जेमतेम सहा फुटांवरून जाणार होता. पहिले विमान लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांचे. मागे पंधरा विमाने दाटीने उभी असल्यामुळे त्यांच्या वाट्याला 467 फूट आले होते.

एवढ्या अंतरात हे जमले कसे, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, एखादे विमान 70 नॉटला उचलले जाते आणि डेकवर 40 नॉटचा वारा आहे. मग विमानाला डेकच्या मानाने फक्त 30 नॉट गाठायचे राहतात. धावेचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून 30 नॉटला लागणारी धाव 70 नॉटच्या धावेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते. वारा निम्म्याहून थोडा जास्त वेग देतो आणि अंतराचे चार हिस्से वाचवतो. ‘हॉर्नेट’वरचा अधिकारी निशाण फिरवून असा क्षण साधत होता की विमान टोकाला पोहोचेल तेव्हा नौकेचा नाळेकडचा भाग लाटेवर वर उचललेला असेल. सुमारे तासाभरात सोळाही विमाने हवेत गेली. टेड लॉसन यांच्या विमानाच्या तर उचल वाढवणाऱ्या पंखांवरच्या झडपाही उघडलेल्या नव्हत्या. टोकावरून ते खाली गेले, पण सावरले. ज्या वादळी हवेने माणसांचा जीव टांगणीला लावला, तिनेच त्यांना डेकवरून उचलले होते.

जमिनीवर याच काळात उलट दिशेचा बदल घडत होता. आरंभीचे विमानतळ म्हणजे मोठी गवताळ मैदाने होती. वाऱ्याची पिशवी पाहायची, विमान वाऱ्याकडे वळवायचे आणि सुटायचे. विमाने जड झाली तशी सिमेंट-डांबराच्या धावपट्ट्यांची गरज पडली, आणि धावपट्टी म्हटली की दिशा कायमची ठरली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई तळांवर त्रिकोणात तीन धावपट्ट्या बांधल्या जात, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एखादी बरीचशी जुळे. जेट विमानांना लागणाऱ्या तीन-तीन किलोमीटरच्या धावपट्ट्या सगळ्या दिशांना बांधणे परवडणारे नव्हते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची दोन टोके 09 आणि 27 या क्रमांकांनी ओळखली जातात. दहाने गुणले की होकायंत्रावरची दिशा मिळते, साधारण पूर्व आणि पश्चिम. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो तेव्हा 27 वरून पश्चिमेकडे झेपावणारे विमान त्याच्या तोंडावर असते. वारा तिरका असेल तर त्याचे दोन भाग पाडावे लागतात, एक धावपट्टीच्या रेषेतला आणि दुसरा आडवा. धावेच्या हिशेबात पहिला येतो.

इथे कळीचा प्रश्न उभा राहिला. मनोऱ्यावरून वैमानिकाला सांगितले की समोरून 10 नॉट वारा आहे, तर त्याने हिशेबात किती धरावा? एक सोपे गणित पाहू. विमान 140 नॉटला उचलले जाते आणि स्थिर हवेत त्याला 2,000 मीटर धाव लागते, असे धरू. समोरच्या 10 नॉट वाऱ्यात ती धाव साधारण 1,725 मीटर होईल आणि पाठच्या 10 नॉटमध्ये 2,300. पण सांगितलेला वारा ही एका यंत्राची, एका जागेवरची, दोन मिनिटांची सरासरी असते. यंत्र साधारण 10 मीटर उंचीवर असते आणि जमिनीलगत वारा त्याहून मंद वाहतो. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला तो वेगळा असू शकतो. निरोप मिळाल्यापासून विमान सुटेपर्यंत तो बदलूही शकतो. आणि चूक दोन्ही बाजूंनी सारखी महाग नसते. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जोरदार निघाला तर विमान लवकर उचलले जाते, कुणाचे काही बिघडत नाही. तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर धावपट्टी संपते.

म्हणून नियमकर्त्यांनी दोन अपूर्णांक ठरवले. समोरच्या वाऱ्याचा फायदा जास्तीत जास्त निम्मा धरायचा, आणि पाठच्या वाऱ्याचा तोटा कमीत कमी दीडपट. अमेरिकेच्या मोठ्या प्रवासी विमानांसाठीच्या नियमावलीत, भाग 25 मध्ये, हा नियम कलम 25.105 म्हणून आहे. युरोपच्या नियमांतही तो आहे. आपल्याकडे उडणारी बोइंग आणि एअरबस विमाने याच चौकटीत प्रमाणित झालेली आहेत. वरच्या उदाहरणाला हा नियम लावला तर समोरच्या 10 नॉटसाठी 1,725 ऐवजी सुमारे 1,860 मीटर धरावे लागतात आणि पाठच्या 10 नॉटसाठी 2,300 ऐवजी सुमारे 2,450. बहुतेक प्रवासी विमानांना तर पाठचा वारा साधारण 10 नॉटच्या वर गेला की उड्डाणच वर्ज्य असते. पाठचा वारा धाव लांबवतो आणि धाव मध्येच सोडून द्यावी लागली तर थांबण्याचे अंतरही लांबवतो, असा तो दुहेरी घाव असतो.

समुद्रावर अशी राखीव शिल्लक ठेवायला जागा नव्हती, आणि त्याची साक्ष एकाच घराण्यातल्या दोन नौकांनी दिली. आपली पहिली ‘विक्रांत’ दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हलक्या विमानवाहू नौकांच्या आराखड्यावर बनलेली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना अनेक मराठी कुटुंबांनी मुलाबाळांसह तिच्या डेकवर फेरी मारलेली आहे. 1971 च्या युद्धाच्या तोंडावर तिच्या बॉयलरला भेगा गेल्या होत्या. सुमारे 24 नॉटसाठी बांधलेली नौका 16 नॉटच्या आसपास अडकली. याचा अर्थ आठ नॉट वारा कमी, आणि विमानाला डेकवरून पुढे फेकणाऱ्या कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची लागे. तिला युद्धात पाठवावे की नाही असा प्रश्न होता. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ती बंगालच्या उपसागरात गेली, आणि 4 डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावचे बंदर गाठले. त्यामागे बॉयलर सांभाळणाऱ्या अभियंत्यांचा आणि डेकवरच्या प्रत्येक नॉटचा हिशेब करणाऱ्यांचा मोठा वाटा होता.

अर्जेंटिनाची ‘व्हेइन्तिसिंको दे मायो’ ही त्याच कुळातली नौका. आधी ब्रिटिशांची ‘व्हेनरेबल’, मग डच नौदलाची, आणि 1968 पासून अर्जेंटिनाची. फॉकलंड युद्धात 1 मे 1982 रोजी तिच्या ट्रॅकर विमानाने ब्रिटिश ताफा हुडकला. 2 मेच्या पहाटे बॉम्ब लादलेली स्कायहॉक विमाने त्यावर सोडायची होती. दक्षिण अटलांटिक हा सोसाट्याच्या वाऱ्यांचा समुद्र आहे, पण त्या पहाटे तिथे वारा पडला. नौकेचा वेग आणि कॅटापल्ट मिळून भरलेल्या विमानांना पुरेसा वेग देऊ शकत नव्हते. बॉम्ब कमी करावेत तर हल्ल्याला अर्थ उरेना, इंधन कमी करावे तर विमान परतेना. खळ्यावर धान्याची रास पडलेली असावी, पाटी उचलून शेतकरी उभा असावा आणि वाऱ्याची झुळूकही येऊ नये, तशी त्या डेकची अवस्था झाली. हल्ला रद्द झाला. त्याच दिवशी ब्रिटिश अणुपाणबुडी ‘काँकरर’ने ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली आणि 323 माणसे गेली. अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परतली आणि पुन्हा लढाईत आली नाही. तिची स्कायहॉक विमाने पुढे रिओ ग्रान्दे इथल्या जमिनीवरच्या तळावरून लढली. ती पहाट वाऱ्याची असती तर युद्ध पालटले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या दिवशी हल्ला रोखण्यात शांत हवेचा वाटा मोठा होता.

वारा नसणे हे संकट निदान दिसते तरी. असलेला वारा धावपट्टीवरच फिरतो, हे जास्त भीषण. 7 ऑगस्ट 1975 रोजी डेन्व्हर येथे कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे बोइंग 727 समोरच्या वाऱ्यात सुटले, उचलले गेले, आणि तोच वारा पाठचा झाला. विमान धावपट्टीच्या टोकाजवळ कोसळले. सुदैवाने सगळे वाचले. त्याच वर्षी न्यूयॉर्कला उतरणाऱ्या ईस्टर्नच्या विमानाचा अपघात अभ्यासताना शिकागो विद्यापीठाचे टेड फुजिता यांनी एक स्पष्टीकरण मांडले होते. गडगडाटी ढगातून थंड हवेचा खांब खाली कोसळतो, जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. त्यातून जाणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, मग खाली दाबणारा, मग पाठचा. फुजितांनी त्याला ‘मायक्रोबर्स्ट’ म्हटले. बऱ्याच हवामानशास्त्रज्ञांना ते सुरुवातीला पटले नाही.

9 जुलै 1982 रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अ‍ॅमचे 759 क्रमांकाचे उड्डाण पावसात निघाले. ते जेमतेम शंभर-दीडशे फूट चढले, खाली आले, झाडांना धडकले आणि वस्तीत कोसळले. विमानातले सर्व 145 जण आणि जमिनीवरचे 8 जण मृत्युमुखी पडले. मायक्रोबर्स्टमुळे घटत जाणारा समोरचा वारा आणि खाली दाबणारी हवा, असे कारण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले. हे वेळीच ओळखून सावरणे वैमानिकाला अवघड होते, आणि जमिनीवरची वारा-मोजणी यंत्रणा तोकडी होती, असेही त्यांनी म्हटले.

या अपघाताने निम्म्या-दीडपटीच्या नियमाची मर्यादाही उघड केली. तो नियम मोजणीतली चूक आणि वाऱ्याचे रोजचे चढउतार झेलतो. समोरचा सगळा वारा काही सेकंदांत पाठचा झाला तर कुठलाही अपूर्णांक पुरत नाही. त्यासाठी निराळे उपाय लागले. वैमानिकांचे खास प्रशिक्षण सुरू झाले, विमानांत इशारा देणारी यंत्रे आली, 1990 च्या दशकात विमानतळांवर डॉप्लर रडार बसले. सर्वांत मोठा बदल वृत्तीत झाला. धावपट्टीच्या वाटेवर असे वादळ असेल तर निघायचेच नाही, हे आता शिकवले जाते.

आज हा सगळा हिशेब वैमानिकाच्या हातातल्या टॅब्लेटवर काही क्षणांत होतो. वजन, तापमान, धावपट्टीची ओल, उतार, सारे मीटरपर्यंत मोजले जाते. त्या अचूक आकड्यांच्या रांगेत वारा हा एकच आकडा आपण मुद्दाम बिघडवून घालतो, फायद्याचा अर्धा, तोट्याचा दीडपट. या सावधगिरीची रोज किंमत मोजावी लागते. कधी काही प्रवासी किंवा माल मागे राहतो, कधी इंजिनातून जास्त जोर घ्यावा लागतो. मला ती किंमत रास्त वाटते. गणक यंत्रे कितीही अचूक झाली तरी वारा अचूक होत नाही, आणि त्याच्यावर माणसाचा ताबाही मुळीच नाही. जे आपल्या ताब्यात नाही त्याची मदत कमी धरावी आणि विरोध जास्त धरावा, हे शहाणपण नियमात उतरले आहे. विमानप्रवास ज्या कारणांनी इतका सुरक्षित झाला, त्यांत या दोन अपूर्णांकांना मानाचे स्थान द्यायला हवे.